जिप्सीच्या ‘घोस्ट इमोबिलायझर’पायी मला 36,500 ला टोपी घातली गेली, मॉडिफाइड गाडीवाल्यांनो वाचा

आधीच सांगतो, शिव्या घालायच्या असतील तर घाला, घरच्यांच्या घालून झाल्यात. पाच महिने गप्प होतो कारण लाज वाटत होती. पण मागच्या आठवड्यात एका थारवाल्या मित्राने विचारलं, ‘अरे तुझा तो सिक्युरिटीवाला कोण, नंबर दे ना’, आणि मला घाम फुटला. म्हणून लिहितोय.

गाडी म्हणजे 2009 ची जिप्सी, सॉफ्ट टॉप. सहा वर्षं पगारातून थोडे थोडे वाचवून उभी केलेली. दोन इंच लिफ्ट, 31 इंची मड टेरेन टायर पाच, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायला), स्नॉर्केल (पाण्यात इंजिनला वरून हवा घेणारी नळी), बकेट सीट दोन, पुढे लाइट बार. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये, जिप्सीच्या चावीत चिप वगैरे काही नाही आणि सॉफ्ट टॉपला लॉक करणं म्हणजे तंबूला कडी लावणं, ब्लेड फिरवलं की माणूस आत. त्यात आम्ही कोथरूडला, सोसायटीत कव्हर्ड पार्किंग एकच, ते बायकोच्या गाडीला. जिप्सी गेटच्या आत पण उघड्यावर. रात्री कुत्रं भुंकलं तरी मी गॅलरीत. ही भीतीच त्या सिक्युरिटीवाल्याने विकत घेतली म्हणा ना, किंवा मलाच परत विकली.

हा सिक्युरिटीवाला फेब्रुवारीत मुळशीकडे एका ऑफरोडच्या ट्रिपला भेटला. तिशीतला, बोलायला गोड, सगळ्यांना सर. माझ्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, ‘सर, एवढा खर्च केलाय आणि सिक्युरिटी शून्य? तुमची गाडी उचलायला चार मिनिटं.’ ओळखीच्या दोघातिघांनी त्याच्याकडून लाइटचं वायरिंग करून घेतलं होतं, चांगलं केलं होतं, म्हणून विश्वास बसला. (लाइटचं काम येणं आणि सिक्युरिटीचं येणं यात फरक आहे हे आता कळतंय.)

पॅकेज असं होतं. लाइफटाइम जीपीएस ट्रॅकर 12,500. घोस्ट इमोबिलायझर, म्हणजे चोराला गाडी चालूच करता येऊ नये म्हणून छुपं उपकरण, 18,000. काचांवर चासी नंबर कोरून देणार 4,500. आणि एआरएआय (गाड्या आणि त्यांची उपकरणं तपासणारी पुण्यातली संस्था) सर्टिफिकेट 3,500, ‘इन्शुरन्समध्ये डिस्काउंट मिळतो सर’. झाले 38,500. ग्रुपमधले म्हणून 2,000 कमी. 36,500. पैकी 15,000 यूपीआयने अॅडव्हान्स आणि 21,500 रोख, कारण बिल पाहिजे असेल तर 18 टक्के वर म्हणाला. म्हणजे 6,570 रुपये. मी म्हणलं राहू दे बिल. एमकॉम झालेला माणूस मी, दिवसभर लोकांची बिलं तपासतो, आणि 6,570 वाचवायला बिल सोडलं. इथे एकदा थांबून मला मनातल्या मनात एक लावा.

नऱ्ह्याच्या बाजूला पत्र्याची शेड होती त्याची. दोन दिवस गाडी ठेवून घेतली, दोन्ही चाव्या मागितल्या (‘दोन्ही पेअर कराव्या लागतात सर’, अहो काय पेअर, चिपच नाही तिच्यात!), आरसीची झेरॉक्स घेतली, आधारची पण घेतली, ‘सर्टिफिकेटला लागते’. मी देत गेलो.

आता तो क्षण. रोज रात्री हाच आठवतो मला.

डिलिव्हरीच्या दिवशी डेमो. त्याचा पोरगा ड्रायव्हर सीटवर, इंजिन चालू, म्युझिक सिस्टिमवर मोठ्याने गाणं चालू. मला म्हणाला सर तुम्ही पुढे उभे राहा, बॉनेटवर हात ठेवा, इंजिन बंद झालेलं हाताला कळेल. तो माझ्या शेजारी मोबाइल घेऊन उभा. म्हणे बघा आता अॅपवरून बंद करतो. अंगठा दाबला, दोन सेकंद, फट्, इंजिन बंद. मी खूश. पण त्याच वेळी गाणंही बंद झालं. आणि मला ते जाणवलं! मी आंधळा नव्हतो, मी विचारलं सुद्धा, की गाणं का बंद झालं? तर म्हणतो कसा, ‘सर सगळा करंटच कट होतो, फुल सेफ्टी.’ आणि डॅशबोर्डखाली त्याने बसवलेल्या डबीवरचा लाल दिवा मात्र मस्त लुकलुकत होता. सगळा करंट कट आणि दिवा चालू. तेही विचारलं असतं तर म्हणाला असता त्याला वेगळी बॅटरी आहे. मी विचारलंच नाही, कारण तोवर मी फोटो काढत होतो.

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी. खरा इमोबिलायझर फ्युएल पंप, इग्निशन किंवा स्टार्टरची लाइन तोडतो. चालत्या गाडीत पंप तोडला तर इंजिन दोन गचके खात बंद पडतं, पण किल्ली ऑनच असते, त्यामुळे डॅशवरचे दिवे लागलेले राहतात आणि गाणं चालू राहतं. गाणंही गेलं याचा अर्थ पोराने सरळ किल्ली फिरवली. बस. 18,000 रुपयांचं तंत्रज्ञान म्हणजे बारा-पंधरा वर्षांच्या पोराचं मनगट. डेमो घ्यायचाच तर ड्रायव्हर सीटवर स्वतः बसा आणि मोबाइलही स्वतःच्या हातात ठेवा.

आणखी एक. त्याने सांगितलं होतं की ही सिस्टिम कॅन बसवर (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती लाइन) चालते, म्हणून वायर कापायची गरज नाही. मला काय माहीत, मला कॅन म्हटलं की दुधाचा कॅन आठवतो. नंतर आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियन काकांना विचारलं तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवून हसले. जिप्सीत कॅन बसच नाहीये. ती भानगड नवीन गाड्यांमध्ये, तिथे खरंच अशा सिस्टिम असतात, बटणांचा पिन दाबल्याशिवाय गाडी चालू होत नाही. म्हणजे त्याने नवीन गाडीचं औषध माझ्या म्हाताऱ्या गाडीला विकलं आणि तेही रिकाम्या बाटलीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी गेली. पहाटे 5:10, सीसीटीव्हीत सगळं आहे. तिघंजण, एकाने टपाची कापडी बाजू कापली, आत बसला, दोघांनी ढकलली. गेटवर वॉचमनने विचारलं तर माझं आडनाव आणि फ्लॅट नंबर सांगून म्हणाले साहेबांनी गॅरेजला न्यायला सांगितलीये, चालू होत नाहीये. आणि आमच्या वॉचमनने गेट उघडून वर धक्का मारायला हात लावला. मी ते फुटेज एकदाच बघितलं.

सहा वाजता अॅप उघडलं तर गाडी सोसायटीत पार्क! चोरी झालीच नाही असं वाटावं. झालं होतं असं की ट्रॅकर खरा होता पण दुचाकीला लावतात तो हजार-दीड हजारवाला, आणि आत सिम प्रीपेड, भलत्याच कोणाच्या नावावर, ज्याचा रिचार्ज मार्चमध्येच संपला होता. अॅप शेवटचं लोकेशन दाखवत राहिलं. गाडी सोमवार ते शुक्रवार घरीच, त्यामुळे मला कधी शंका आली नाही. शनिवारी-रविवारी चालवताना कोण अॅप बघतं हो? तर ट्रॅकर घेतलात तर सिम स्वतःच्या नावावर घ्या, नंबर लिहून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या गल्लीत गाडी नेऊन अॅपवर हलतेय का बघा. अॅडमिन लॉगिन बसवणाऱ्याकडे राहू देऊ नका, नाहीतर गाडी रात्री कुठे झोपते हे तुमच्याआधी त्याला कळतं.

आता पोलीस. मी सात वाजता चौकीत. चोरीचा एफआयआर दुपारी दीडला झाला, भारतीय न्याय संहिता 303(2), तोवर चार वेळा सांगितलं की नाकाबंदीला कळवा, ‘हो हो कळवतो’. पण फसवणुकीचं नाव काढलं की सगळ्यांचे चेहरे बदलले. ‘हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा.’ अहो, रिकामी डबी विकली, खोटं सर्टिफिकेट दिलं, यात दिवाणी काय? ‘बिल आहे का?’ नाही. ‘मग?’ मग काय. एक हवालदार तर गाडीचे फोटो बघून मलाच विचारतो, ‘हे टायर, बंपर, लाइट आरसीवर चढवलंय का? जास्त खोलात गेलो तर तुमच्यावरच कारवाई होईल साहेब.’ खोटं नाही बोलला, मोटार वाहन कायद्याच्या 182अ मध्ये मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5,000 दंड आहे, लिफ्ट, टायर, बंपर, लाइट, स्नॉर्केल धरले तर माझे 25,000. पण गाडी ज्याची चोरीला गेली त्याला पहिलं हे सांगायचं? सायबर हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला तर म्हणाले तुम्ही स्वतःहून वस्तूचे पैसे दिलेत, सायबर फ्रॉड नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला तर तक्रार घेतली, टोकन नंबर आला, मग विक्रेत्याची माहिती अपुरी म्हणून बंद झाली. शेवटी वकिलाने सांगितलं की चौकी ऐकत नसेल तर लेखी तक्रार डीसीपी ऑफिसला पोस्टाने पाठवा, तशी कायद्यात सोय आहे. पाठवली, पोचपावती आहे माझ्याकडे. तेवढीच आहे.

नवव्या दिवशी गाडी सापडली, ताम्हिणीच्या अलीकडे एका शेताच्या कडेला, दगडांवर उभी. गावच्या पोलीस पाटलांनी कळवलं, देव त्यांचं भलं करो, या सगळ्यात कामाचा माणूस तेवढा एकच. टायर पाच (69,000), रिम (17,500), विंच (42,000), सीट (18,000), लाइट बार (4,200) गेलं. 1,50,700. इंजिन सोडलं, जड असेल. आणि डॅशखाली तो लाल दिवा? लुकलुकत होता! चोरांनी बॅटरी पण नेली नाही आणि दिव्याला हात पण लावला नाही, त्यांना माहीतच असणार त्यात काय आहे ते. माझा संशय कोणावर आहे ते तुम्हाला कळलंच असेल. पुरावा नाही म्हणून एवढंच लिहितो.

मग गाडी मुद्देमाल झाली. शहरातली चौकी म्हणे तिकडून ताब्यात घ्या, तिकडचे म्हणे गुन्हा शहरात, कोर्टाची ऑर्डर आणा. स्वतःची गाडी सोडवायला वकील 9,000, टोइंग 8,500, आणि 23 दिवस ती भर पावसात टपाशिवाय गंजक्या सुमोंच्या रांगेत उभी. नवीन टप 11,000.

सोडवून आणल्यावर काकांनी ती डबी काढली. काळं रेझिन ओतलेलं होतं, छिन्नीने फोडलं. आत एक एलईडी, एक फ्लॅशर, दोन वायरी थेट बॅटरीच्या लाइनला. आणि दोन लोखंडी वॉशर. ते कशाला, म्हणून मी विचारलं. काका म्हणाले, ‘वजन यायला. हातात घेतल्यावर भारी वाटली पाहिजे ना.’ हातात घेतल्यावर मला भारी वाटली होती, खरंय.

इन्शुरन्सचं थोडक्यात. एक्सेसरीज पॉलिसीत डिक्लेअर केल्या नव्हत्या, त्यामुळे विंच, सीट, लाइट शून्य. सर्व्हेअर म्हणाला इलेक्ट्रिकल एक्सेसरीला किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम असतो, म्हणजे विंचचे वर्षाला 1,680. टायरला मूळ साइझचे पैसे धरले, त्यात रबर म्हणून 50 टक्के घसारा, वर 1,000 डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधून कापले जाणारे. हातात 11,240. ते सर्टिफिकेट दाखवलं तर त्याने चष्मा वर करून मला फक्त एक ओळ वाचायला सांगितली. ‘ऑटोमोबाईल रिसर्च असोसिएशन’. एआरएआयच्या नावात ऑटोमोटिव्ह पाहिजे. मी दर रविवारी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो, बोर्डाखालून जातो. शिवाय एआरएआय मंजुरी देते ती उपकरणाच्या मॉडेलला, नऱ्ह्याच्या शेडमध्ये माझ्या गाडीच्या नावाने कागद छापून मिळत नाही. आणि तो डिस्काउंट? ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये. माझा प्रीमियम 5,840. अडीच टक्के म्हणजे 146. त्यासाठी 3,500 भरले मी.

आता गाडीत काय आहे म्हणाल तर काकांनी 350 रुपयांचा बॅटरी कट-ऑफ बसवलाय, त्याची लाल किल्ली काढून खिशात. पंपाच्या लाइनला एक छुपा स्विच, कुठे ते बायकोलाही सांगितलेलं नाही. गिअर लॉक. प्रत्येक चाकाला एक लॉक नट. रात्री चाकातून साखळी, खांबाला. दिसायला गावठी आहे, असू दे. काम करून घेताना मी स्टुलावर बसून होतो, चावी एकच दिली, ती पण संध्याकाळी परत. आणि आरसीची झेरॉक्स द्यायचीच तर तिच्यावर कशासाठी दिली ते आडवं लिहा, तारीख टाका.

ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकतोय, 5 लाखांपर्यंत फी नाही. अडलंय ते समोरच्या पार्टीच्या पत्त्यावर. नंबर बंद, यूपीआयचं नाव दुसऱ्याच कोणाचं. म्हणून या रविवारी नऱ्ह्याला शेडवर गेलो, निदान जागामालक तरी सापडेल म्हणून. शेडमध्ये आता रसवंतीगृह आहे. जागामालक गावी गेलेत म्हणे, दिवाळीनंतर येतील. दोन ग्लास रस प्यायलो, 40 रुपये. सवयीने बिल मागितलं, तर पोरगं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं.