गॅरेजवाला गाडी सोडत नाही तेव्हा

गाडी गॅरेजमध्ये अडकलीय हे सुरुवातीला कळतच नाही. रोज नवं कारण येतं, ते पटण्यासारखंही असतं, आणि मधूनमधून आपल्याकडून थोडे थोडे पैसे जात राहतात. म्हणजे काम चाललंय असं आपण धरून चालतो.

आमची स्विफ्ट, डिझेल. कोकणातून कोल्हापूरला परत येताना भुईबावडा घाटात गरम झाली. रेडिएटरचा फॅन बंद पडला होता. मुलानं डॅशबोर्डवर पेटलेल्या लाल दिव्याचा फोटो काढून त्याच्या मामाला पाठवला. मामांनीच त्यांच्या ओळखीचा मेकॅनिक सुचवला, आणि टो करून गाडी थेट त्याच्या दारात गेली. त्या फोटोत दिव्याखाली किलोमीटरचा आकडाही आला होता. तेव्हा त्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मेकॅनिक हुशार होता, हे मान्य करायला हवं. त्यानं ऑईलचं झाकण फिरवून काढलं आणि माझ्यासमोर उलटं धरलं. आतून ताकासारखा पांढुरका फेस चिकटलेला. "हेड गॅस्केट गेलंय सर. पाणी ऑईलमध्ये उतरलंय. हेड उतरवून लेथला द्यावं लागतंय." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचा गळती रोखणारा पातळ थर, आणि लेथ म्हणजे हेड घासून सपाट करून देणारं वर्कशॉप. निदान बरोबरच होतं. खर्च विचारला तर म्हणाला, २८ हजारांत सगळं करून देतो. मी म्हटलं, काय काय करणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. त्यानं टाकलं: हेड फेसिंग, गॅस्केट, टायमिंग किट, रेडिएटर फॅन, कुलंट, ऑईल, मजुरी, एकूण २८,०००. पुढच्या सगळ्या भांडणात माझ्या बाजूनं बोलणारा कागद म्हणाल तर हा एवढा एक मेसेज.

१५ हजार ॲडव्हान्स दिला. मग "पार्टवाला रोख मागायलाय" म्हणून आणखी १२ हजार. म्हणजे २८ पैकी २७ हजार त्याच्याकडं गेले आणि गाडी काही येईना. फोन केला की एकच उत्तर, "हेड लेथवर हाय सर, त्याच्याकडं लई गर्दी हाय. शनिवारी घेऊन जावा." शनिवार उजाडायचा आणि फोन स्विच ऑफ. सोमवारी परत तोच गोड आवाज.

अशाच एका सकाळी फास्टॅगचा मेसेज आला. किणी टोलनाक्यावर टोल कापला. दुपारी परतीचाही कापला. हेड लेथवर आणि गाडी पुणे-बंगळूर हायवेवर! बँकेच्या ॲपवर स्टेटमेंट उघडलं, तर मागेही किणी दिसत होतं, एकदा तर पुढचं तासवडेसुद्धा. ते मेसेज आले तेव्हा माझ्या नजरेतून सुटले असावेत. दिवसाला पन्नास मेसेज येतात, कोण वाचतंय.

शिवाजी उद्यमनगरात हेड फेसिंग करणारी मंडळी फार नाहीत, आणि सगळी एकमेकांना ओळखतात. विचारत विचारत त्या लेथवाल्यापर्यंत पोचलो. त्यानं ग्रीस लागलेली वही काढली, बोटानं ओळ दाखवली. हेड आलेलं, दुसऱ्या दिवशी परत गेलेलं, दीड हजार जमा. म्हणजे गाडी केव्हाच दुरुस्त झाली होती. ती आता मेकॅनिकच्या धंद्याला लागली होती.

जाऊन टोलचं विचारलं, तेव्हा भाषाच बदलली. "ट्रायल घेतली सर, ट्रायल घ्यावी लागत्या." तासवड्यापर्यंत कसली ट्रायल? त्यावर त्यानं ७४ हजारांचं कच्चं बिल पुढं ठेवलं. टर्बो, चार इंजेक्टर, क्लच प्लेट. यातलं काहीच मला विचारलेलं नव्हतं. वर रोजचं दोनशे रुपये पार्किंग. "हिशोब मिटवा आणि गाडी न्या," असं म्हणून तो आत निघून गेला. पोरानं शटर अर्ध्यावर ओढलं.

इथून पुढं मला जे समजलं ते मुद्दाम सविस्तर लिहितो. कारण या टप्प्यावर बहुतेक जण एकतर पैसे मोजून मोकळे होतात, नाहीतर भलताच उद्योग करतात.

भलता उद्योग म्हणजे दुसरी चावी घेऊन रात्री गाडी काढून आणणं. तीन मित्रांनी हाच सल्ला दिला. "तुझीच गाडी, तुला कोण अडवणार?" मोहात पडण्यासारखं आहे, पण थांबा. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. जुन्या दंड संहितेत तेच ३७८ होतं. त्यात उदाहरणं दिलेली आहेत आणि त्यातलं एक घड्याळाचं आहे: दुरुस्तीचे पैसे देणं बाकी असेल, दुरुस्त करणाऱ्यानं घड्याळ त्या पैशांसाठी कायदेशीर अडवून ठेवलं असेल, आणि मालकानं त्याचं तारण बुडावं म्हणून ते उचलून नेलं, तर ती चोरी. स्वतःच्याच वस्तूची चोरी. मग समोरचा तक्रारदार होतो आणि आपण आरोपी.

म्हणजे मेकॅनिकला गाडी अडवायचा हक्क आहे का? आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० तो देतं. उदाहरणं जवाहिऱ्याची आणि शिंप्याची आहेत, पण गॅरेजलाही तेच लागू. ज्यानं वस्तूवर श्रम किंवा कौशल्य लावून काम केलं, त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. मात्र जे काम करायला वस्तू दिली, त्या कामापुरतंच. न सांगितलेलं काम करून त्यावर अडवता येत नाही. नुसती जागा वापरल्याचं भाडंही, आधी ठरलं नसेल, तर यात बसत नाही. माझ्या बाबतीत ठरलेल्या कामाचे फक्त एक हजार बाकी होते. म्हणजे ७४ मधून दिलेले २७ वजा जाता उरलेले ४७ हजार आणि पार्किंग मिळाल्याशिवाय गाडी सोडणार नाही असं जे तो सांगत होता, त्यात हक्क होता तो हजाराचाच. हे समजल्यावर मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा "हा दिवाणी मामला आहे" हेच ऐकलं. खरं सांगायचं तर बिलापुरतं त्यांचं बरोबरच होतं. कमी-जास्त पैशांचा वाद पोलीस सोडवत नाहीत. म्हणून दुसऱ्यांदा जाताना बिलाचा विषय अर्जात सगळ्यात खाली ठेवला. वर एवढंच मांडलं: दुरुस्तीसाठी सोपवलेली गाडी हा माणूस माझ्या परवानगीशिवाय स्वतःसाठी वापरतोय, हे फास्टॅगचं स्टेटमेंट, ही त्याच तारखांना त्यानं "हेड लेथवर आहे" असं लिहिलेल्या मेसेजची प्रत. विश्वासानं सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःच्या वापरात घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१६ चा, फौजदारी विश्वासघाताचा विषय होतो. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली. यावेळी साहेबांनी तो नीट वाचला आणि तिथूनच गॅरेजवाल्याला फोन लावला.

त्याआधी स्पीड पोस्टनं नोटीसही दिली होती. वकिलाची नाही, मीच लिहिलेली. ठरलेलं काम, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, उरलेले एक हजार द्यायला तयार आहे, सात दिवसांत गाडी द्या. "द्यायला तयार आहे" हे वाक्य जरूर घाला. ते नसेल तर पैसे बुडवायला निघालेला गिऱ्हाईक अशी आपली प्रतिमा उभी करणं त्याला सोपं जातं, आणि ओळखीतला माणूस असेल तर तो ती करतोच. आमच्या मेव्हण्यांच्या कानावर माझी अशीच कीर्ती गेली होती.

गाडी हवालदारांच्या देखत ताब्यात मिळाली. हजार रुपये यूपीआयनं दिले आणि शेऱ्यात लिहिलं, "ठरलेल्या कामाची बाकी, हरकत राखून". चावी हातात आल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. आधी सगळीकडून फोटो घ्या. मी घेतले तेव्हा लक्षात आलं की स्टेपनी गुळगुळीत झालेली, आणि बॅटरी त्याच कंपनीची पण वॉरंटी कार्डावरचा नंबर वेगळा. मीटरवर घाटातल्या फोटोपेक्षा हजाराहून जास्त किलोमीटर चढलेले. नशीब, या किलोमीटरमध्ये कुठं अपघात झाला नाही. ई-चलन तर मालकाच्याच नावावर येतं, आणि कुणाला धडक दिली असती तर पहिला फोन मलाच आला असता.

नंतर दुसऱ्या मेकॅनिककडं गाडी रॅम्पवर चढवली. त्यानं टॉर्च मारून टर्बोचे बोल्ट दाखवले. गंज जिथल्या तिथं, पान्याची एक खूण नाही. इंजेक्टरही जुनेच. "टर्बो बदलला" म्हणणाऱ्याकडं जुना टर्बो मागायचा असतो, हे त्यानं हसत हसत सांगितलं. हेडचं काम मात्र चोख झालंय म्हणाला. मलाही ते खोटं म्हणता येत नाही. गाडी आता घाटात गरम होत नाही.

बॅटरी, स्टेपनी आणि मनस्ताप यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जोडायच्या कागदांत मी घाटातला फोटो, २८ हजारांचा मेसेज, फास्टॅगचं स्टेटमेंट आणि टर्बोच्या बोल्टचे फोटो लावलेत. लेथवाल्यानं लेखी द्यायला नकार दिला. त्याला रोज याच लोकांत धंदा करायचाय, मी आग्रह धरला नाही.

आयोगाची नोटीस गॅरेजवाल्याला पोचलीय. उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. परवा त्याचा फोन आला होता, "बसून मिटवू की सर." मी म्हटलं, जे काही म्हणायचंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.