बेडरूम वाढवताय? स्मोक अलार्म तारेने जोडायचे की वायरलेस?

भारतातून आई-बाबा येऊन चार-सहा महिने राहणार, त्यांना जिना नको, म्हणून तळमजल्यावर मागच्या बाजूला बेडरूम-बाथरूम काढायची. अमेरिकेतल्या मराठी घरांत अशी अ‍ॅडिशन आता नवी राहिलेली नाही. परमिट काढताना बरेच जण अडखळतात ते स्मोक अलार्मपाशी. नव्या खोलीत एक अलार्म लावला की झालं, असं आपण धरून चालतो. पण तिथल्या बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम ज्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडवर बेतलेले आहेत, त्यात झोपायची खोली वाढवली तर अख्ख्या घरात नव्या घरासारखे अलार्म लागतात: प्रत्येक बेडरूममध्ये, बेडरूमच्या बाहेर लगेच, आणि बेसमेंट धरून प्रत्येक मजल्यावर. शिवाय एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. बेसमेंटमधल्या धुराची वर्दी दार लावून झोपलेल्या आजोबांपर्यंत पोचायची तर ते हवंच.

नव्या बांधकामात अलार्मला वीज घराच्या वायरिंगमधूनच द्यायची, बॅटरी फक्त आधाराला. जुन्या भागात भिंती-छत उघडणार नसाल तर कोड सहसा बॅटरीचे अलार्म चालवून घेतो. आणि प्रमाणित वायरलेस अलार्म सगळे एकदम वाजत असतील तर जोडणीलाही तारेची सक्ती नाही. मात्र प्रत्येक गावात कोडची आवृत्ती आणि दुरुस्त्या वेगळ्या असतात, त्यामुळे अर्ज करतानाच इन्स्पेक्टरला विचारून घ्या.

तार ओढायची तर ती तीन तारांची केबल. पंधरा अँपिअरच्या सर्किटवर १४/३, वीसच्या सर्किटवर १२/३ (पहिला आकडा तारेच्या जाडीचा, दुसरा तारांच्या संख्येचा). काळी तार वीज आणते, पांढरी न्यूट्रल, आणि लाल तार फक्त अलार्मना एकमेकांशी बोलायला. पुण्या-नागपुरात स्वतः वायरिंग केलेल्यांनी इथे हात आवरावा: आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल म्हणजे फेज, अमेरिकेत काळीच जिवंत. त्या सवयीने लाल तारेवर १२० व्होल्ट सोडले तर अलार्म कामातून जातात.

खरा खर्च केबलचा नाही, ती जुन्या घरात पोचवण्याचा आहे. उत्पादक सहसा सांगतात की तारेने जोडलेले सगळे अलार्म एकाच सर्किटवर हवेत. म्हणजे नव्या खोलीतल्या जवळच्या प्लगवरून वीज घेऊन चालत नाही, जुन्या अलार्मच्या सर्किटपर्यंत जावं लागतं. वर अ‍ॅटिक (छपराखालचा माळा) असेल तर इलेक्ट्रिशियन हे काम आरामात करतो. मधे दुसरा मजला असेल तर ड्रायवॉल (भिंती-छताचे जिप्समचे तक्ते) कापणं, पुन्हा भरणं, रंग देणं, आणि बिल फुगतं. बेडरूमच्या सर्किटला आर्क-फॉल्ट ब्रेकरही (तारेत ठिणगी उडाली की वीज तोडणारा) लागतो. अलार्मसाठी वेगळं सर्किट करावं की नाही यावर इलेक्ट्रिशियनांत दोन मतं ऐकू येतात. मला रोजच्या दिव्यांचं सर्किट बरं वाटतं, कारण ब्रेकर पडला तर अंधार होतो आणि लगेच कळतं.

बदल्यात तारेचे अलार्म स्वस्त असतात आणि रेडिओ पोचतो की नाही ही काळजी नसते. जाच एकच, ब्रँडचा. एका कंपनीचा अलार्म दुसरीच्या तारेला जोडू नये, सुसंगत म्हणून प्रमाणित असलेलेच एकत्र लावायचे. आणि स्मोक अलार्म दहा वर्षांनी बदलायचाच असतो. जुन्यांच्या मागची तारीख बघा, मुदत संपत आली असेल तर सगळे नवे, एकाच कंपनीचे घ्या. मग जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही.

वायरलेसमध्ये छताला हात लावायचा नाही, तासाभरात काम होतं. पण एकेक अलार्म चांगलाच महाग, आणि तुम्ही कंपनीशी बांधले जाता. गूगलने नेस्ट प्रोटेक्ट हा आपला स्मोक अलार्म बनवणं थांबवत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. ते अलार्म आपसात रेडिओनेच बोलतात, विजेवरच्या मॉडेललाही लाल तार जोडत नाहीत. त्यामुळे त्यांतला एक मुदत संपून गेला की कुठल्याही कंपनीचा आणून चालत नाही, त्यांच्याशी जुळणारा म्हणून फर्स्ट अलर्ट कंपनीने काढलेला अलार्मच लागतो.

माझा कौल असा: नव्या खोलीत ड्रायवॉल चढण्याआधी तीन तारांची केबल ओढाच, तेव्हा स्टड (भिंतीच्या आतले उभे खांब) उघडे असतात आणि केबलला फारसे पैसे पडत नाहीत. जुन्या बेडरूमच्या वर अ‍ॅटिक असेल तर तिथेही तारच. जिथे छत फोडल्याशिवाय जाता येत नाही, तेवढ्याच खोल्यांत बॅटरीचे वायरलेस अलार्म लावा. अशा मिश्र मांडणीत तारेवरचा किमान एक अलार्म रेडिओवालाही असावा लागतो, म्हणजे तो दोन्हींमधला पूल होतो. विकत घेताना खोक्यावर हे लिहिलेलं आहे का ते बघा. सगळीकडे वायरलेस मी फक्त तेव्हा घेईन, जेव्हा जुन्या घरात एकही तारेचा अलार्म नसेल आणि इन्स्पेक्टर आधीच हो म्हणाला असेल.

राहिली फोडणी. आपल्या घरात मोहरी-मिरची तडतडली की अलार्म ओरडतो आणि कोणीतरी बॅटरी काढून ठेवतं. फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या झोताने धूर ओळखणारा) प्रकार घ्या: कोडनुसार तो कायमच्या शेगडीपासून ६ फुटांवर चालतो, आयोनायझेशन या दुसऱ्या प्रकाराला २० फूट लागतात, गप्प करायचं बटण असेल तर १०. आणि आई-बाबांच्या खोलीत बाथरूमच्या दारापासून शक्यतो ३ फूट लांब, नाहीतर गरम पाण्याची वाफच त्याला उठवते.