जुना लाकडी रंधा घ्यावा की जुना बिडाचा?

कोकणात जुना रंधा शोधायला निघालं की दोनच प्रकार समोर येतात. एक, मेस्त्र्यांच्या घरी माळ्यावर पडून असलेला लाकडी रंधा, पाचर ठोकून पातं बसवायचा. दुसरा बिडाचा, बेली पद्धतीचा, म्हणजे पातं स्क्रूनं खाली-वर करायचा. तो बहुतेक स्टॅनली कंपनीचा नाहीतर इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा असतो, आणि त्यासाठी मुंबईला चोरबाजारात चक्कर मारावी लागते. मी दोन्ही वापरलेत.

लाकडी रंधा हलका असतो आणि लाकडावर सहज घसरतो. दिवसभर फळ्या मारल्या तरी खांदा भरून येत नाही. जुनी पाती जाड, त्यामुळे थरथरत नाहीत. सरळ रेषेच्या, म्हणजे सरळ तंतूंच्या सागवानावर मला तरी त्यात काही कमी जाणवलं नाही. तुमचं काम मुख्यतः सागाच्या दारा-चौकटींचं असेल आणि घरात आजोबांचा रंधा असेल, तर नवा खर्च करू नका.

माझं गाडं अडलं ते फणसावर. फणसाची रेषा एका दिशेनं जातच नाही. वीतभर पुढे गेलं की उलटते आणि तिथे लाकूड उसळतं. त्याला धार कडक लागते आणि पात्यासमोरचं तोंड, म्हणजे तळातली फट, अगदी अरुंद लागतं. लाकडी रंध्याचं तोंड नेमकं अरुंद राहत नाही. मिरगापासून तो ओल पितो, दिवाळीनंतर सुकतो आणि तळ वाकतो. तळ सरळ करायला घेतला की तोंड आणखी रुंद होतं, कारण आतली पोकळी वरच्या बाजूला रुंद होत गेलेली असते. तोंडापुढे शिसवीचा तुकडा बसवून बघितला. फणस छान निघाला, पण पुढच्या पावसाळ्यानंतर तळ पुन्हा मारावा लागला आणि तोंड पुन्हा मोठं झालं. याचा मला खरंच कंटाळा आला. दुसऱ्या कुणाला तो इतका जाणवणारही नाही.

बिडाचा तळ पावसानं हलत नाही. पात्याखालची बैठक पुढे सरकवली की तोंड हवं तितकं मिटतं. शिवाय पात्यावरची पट्टी धारेच्या अगदी जवळ आणली की उलटी रेषाही बरीच शांत होते. गंज चढतो हे खरं, खाऱ्या हवेत तर लवकरच. पण काम संपल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवणं मला तळ मारत बसण्यापेक्षा सोपं वाटतं.

घेताना आधी पातं काढून बैठकीच्या मागे बघा. बैठक पुढे-मागे करायचा स्क्रू तिथे असावा. स्टॅनलीनं तो 1907 च्या सुमारास आणला. त्याआधीच्या रंध्यांतही बैठक सरकते, पण हातानं अंदाजानं. बैठकीमागे बिडात पेटंटच्या तीन तारखा दिसल्या, दोन 1902 च्या आणि एक 1910 ची, तर रंधा 1910 नंतरचा, म्हणजे स्क्रू असणारच. पातं आणि पट्टी दाबून धरणाऱ्या टोपणाचं भोक काजूच्या आकाराचं असेल तर ते टोपण 1933 नंतरचं. पण टोपणं अदलाबदल झालेली असतात, एवढ्यावरून वय ठरवू नका. रेकॉर्डनं हे रंधे 1931 मध्ये सुरू केले. त्यांच्या मॉडेलच्या आकड्याआधी शून्य असतं, 04, 05 असं. माझ्या हाताला स्टॅनली आणि रेकॉर्ड दोन्ही सारखेच चालले. रेकॉर्ड स्वस्त मिळाला तर बिनधास्त घ्या.

वरवरच्या गंजाला घाबरू नका, तो निघतो. पात्याच्या सपाट बाजूला, धारेजवळ खड्डे पडलेले असतील तर मात्र पातं बदलावं लागेल, तेवढे पैसे भावात कमी करून घ्या. तोंडाच्या कोपऱ्यांशी आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बोट फिरवून चीर आहे का ते तपासा. बीड पडलं की तडकतं, आणि तोंडाशी तडकलेला रंधा कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.