सिनॅप्टिक: बिघडलेल्या लिनक्स मिंटवर किती कामाचे?

सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर म्हणजे लिनक्सवरची मोडलेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे बसवायचे गठ्ठे) दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर, अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती निम्मीच खरी आहे. कुठे आणि का मोडले हे दाखवण्यात माउसने चालणाऱ्या साधनांत त्याचा हात कोणी धरत नाही. पण खालचे डीपीकेजी, म्हणजे पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारे साधन, अर्ध्यावर अडकले असेल तर सिनॅप्टिक स्वतःच उघडायला नकार देते. तेव्हा ते टर्मिनलमधल्या (कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या) दुरुस्तीआधी वापरायचे की नंतर, हे कळले की मगच त्याची खरी किंमत कळते.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. जुन्या डेस्कटॉपना विंडोज 11 साठी लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नाही, म्हणून जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या डीटीपीवाल्यांची आणि क्लासची चांगली चालणारी यंत्रे लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर जाऊ लागली. मिंट ज्यावर बेतले आहे त्या उबंटूने 2011 च्या 11.10 आवृत्तीत सिनॅप्टिक मूळ संचातून काढून टाकले, मिंटने ठेवले. त्यामुळे मिंटवर ते वेगळे घ्यावे लागत नाही, मेनूत नाव टाकले की सापडते. फुकट आहे, हलके आहे, 4 जीबी रॅमवर कुरकुर न करता चालते. दिसायला जुनाट आहे, पण त्यावाचून काही अडत नाही.

(पुढच्या कमांड वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरे वापरा. एकेरी आणि दुहेरी आडवी रेघ दाखवली आहे तशीच द्या.)

आपल्याकडचा पहिल्या नंबरचा बिघाड विजेचा. अपडेट चालू असताना लाइट जाते, यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात बसलेली असते, आणि यंत्र धाडकन बंद पडते. नंतर सिनॅप्टिक उघडले की ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असा निरोप येतो, ओके दाबले की खिडकी गायब. इथे फिक्स ब्रोकनचे बटण शोधत बसू नका, तिथवर पोहोचताच येत नाही. टर्मिनल उघडून आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. उतरवून ठेवलेली पण मांडणी अपुरी राहिलेली पॅकेजेस त्याने पूर्ण होतात. मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ (एपीटी म्हणजे इंटरनेटवरच्या भांडारातून पॅकेजेस आणणारे साधन). हार्ड डिस्क जुनी असेल आणि कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, अपडेट अर्धवट राहिले असेल तर पहिल्याच कमांडला बराच वेळ लागतो. स्क्रीन हलत नाही म्हणून पुन्हा बटण दाबून बंद केलेत तर आधीपेक्षा मोठे काम होऊन बसते.

कधी कधी डीपीकेजी ‘अपडेट्स’ फोल्डरमधल्या चार आकडी नावाच्या फाइलवर अडखळते आणि ‘न्यूलाइन इन फील्ड नेम’ असे काहीतरी म्हणते. वीज जाताना अर्धवट लिहिली गेलेली फाइल आहे ती. /व्हार/लिब/डीपीकेजी/अपडेट्स मधल्या तेवढ्या आकडी फाइली बाजूला हलवा आणि कमांड पुन्हा द्या. मुख्य स्टेटस फाइलच खराब झाली असेल तर शेजारी स्टेटस-ओल्ड असते, आणि /व्हार/बॅकअप्स मध्ये डीपीकेजी.स्टेटस.0 नावाची प्रत असते. खराब फाइलची नक्कल ठेवून मगच जुनी प्रत तिच्या जागी आणा. एखाद्या पॅकेजची यादी-फाइल खराब झाली तर डीपीकेजी ‘मिसिंग फायनल न्यूलाइन’ म्हणून कुरकुरते. त्यावर /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मधली ती फाइल बाजूला हलवा, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ आणि पुढे त्या पॅकेजचे नाव, एवढे पुरते.

एवढे झाले की सिनॅप्टिक उघडते, आणि खरी मजा इथून सुरू होते. काही मोडलेले उरले असेल तर ते उघडतानाच सांगते, खालच्या पट्टीत आकडाही दाखवते. डावीकडे कस्टम फिल्टर्समध्ये ब्रोकन निवडा, फक्त आजारी पॅकेजेस समोर येतात. पॅकेजवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिपेन्डन्सीज. कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीसाठी अडून बसले आहे ते तिथे वाचता येते. टर्मिनलमध्ये मात्र ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ ही ओळ येते आणि वाचणारा होल्ड (अपडेट रोखून ठेवलेले पॅकेज) शोधत फिरतो. होल्ड असेल तर ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ एका क्षणात दाखवते. सहसा तिथे काहीच नसते. खरे कारण असते बाहेरच्या पीपीएमधून (मिंटबाहेरच्या कोणाच्या तरी भांडारातून) आलेली, मिंटपेक्षा वरच्या आवृत्तीची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामना लागणारी सामायिक फाइल.

ती पकडायला डावीकडे खाली ओरिजिन दाबा. कोणते पॅकेज कोणत्या भांडारातून आले त्याप्रमाणे यादी लागते. स्टेटसमधली लोकल ऑर ऑब्सोलीट ही यादीही बघा. प्रिंटरच्या सीडीवरून किंवा कंपनीच्या साइटवरून टाकलेली डेब फाइल (सुटे पॅकेज) इथे सापडते. अशा ड्रायव्हरना पुष्कळदा 32 बिटच्या लायब्ररी लागतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दोषी पॅकेज निवडून पॅकेज मेनूतले फोर्स व्हर्जन घ्या, कंट्रोल आणि ई, आणि मिंटच्या भांडारातली आवृत्ती द्या. या एका सोयीसाठी सिनॅप्टिक ठेवावे असे आमचे मत आहे. त्याच मेनूतल्या लॉक व्हर्जनवर मात्र भिस्त ठेवू नका. ते कुलूप सिनॅप्टिकच्या घरातले आहे, टर्मिनलमधल्या एपीटीला ते माहीतच नसते. कायमचे रोखायचे असेल तर ‘सुडो एपीटी-मार्क होल्ड’ आणि पुढे पॅकेजचे नाव.

आता एडिट मेनूतले फिक्स ब्रोकन पॅकेजेस. ते फक्त खुणा करते, काम अप्लाय दाबल्यावर होते. दोन्हींच्या मध्ये जी यादी येते ती वाचणे हीच खरी दुरुस्ती. ‘टू बी रिमूव्ड’ खाली सिनॅमन, एक्सऑर्ग किंवा मिंट-मेटा असे काही, म्हणजे डेस्कटॉपचाच भाग, दिसले तर कॅन्सल. हिशेब जुळवायला सिनॅप्टिकला डेस्कटॉपच काढणे सोपे वाटू शकते, ते काही तुमचे काम ओळखत नाही. अशा वेळी ॲप्टिट्यूड हे टर्मिनलमधले साधन उजवे ठरते. ते एक तोडगा सुचवते, नको म्हटले की दुसरा काढते.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. काम चालू असताना सिनॅप्टिक एक पट्टी दाखवते आणि खरे टर्मिनल डिटेल्सच्या मागे लपवते. एखाद्या फॉन्टच्या पॅकेजने परवान्याचा प्रश्न विचारला आणि तो त्या आतल्या टर्मिनलमध्ये आला, तर वरून यंत्र लटकल्यासारखे दिसते. ‘भाऊ, पट्टी अर्ध्यावरच अडकली’ असा फोन येतो तो इथूनच. डिटेल्स उघडा, टॅबने ओके वर या, एंटर दाबा. बंद करून चालू करण्याचा सल्ला देणाऱ्याला यंत्राला हात लावू देऊ नका.

‘कुड नॉट गेट लॉक’ आले तर बहुधा अपडेट मॅनेजर मागे चालू असतो. काही मिनिटे थांबा. लॉक फाइल पुसण्याचा उपाय इंटरनेटवर जागोजागी सापडतो, तो टाळा. कुलूप फाइलमध्ये नसते, चालू असलेल्या प्रोसेसकडे असते. प्रोसेस मेली की ते आपोआप सुटते. फाइल पुसल्याने फार तर दोन कामे एकाच वेळी डेटाबेसवर तुटून पडतील. कोण धरून बसले आहे ते ‘सुडो फ्यूजर -व्ही /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’ सांगते.

सिनॅप्टिकमध्ये रीलोड करून याद्या ताज्या करताना ‘नॉट व्हॅलिड येट’ असा निरोप आला तर पॅकेजमध्ये काही शोधू नका, घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा 2032 नंबरचा 3 व्होल्टचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि भांडाराची सहीची फाइल यंत्राला भविष्यातली वाटते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कुठल्याही दुकानात तो मिळतो. हॅश सम मिसमॅच, म्हणजे उतरवलेली यादी मूळ यादीशी जुळत नाही, असे असेल तर /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स मधले सगळे पुसून पुन्हा रीलोड करा, आणि तरीही येत असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. भांडाराची सही तपासणाऱ्या किल्लीच्या तक्रारींसाठी सिनॅप्टिकपेक्षा मिंटचे सॉफ्टवेअर सोर्सेस बरे. त्यातल्या मेंटेनन्समध्ये हरवलेल्या किल्ल्या आणणे, मर्जलिस्टचा (खराब झालेल्या याद्यांचा) घोळ मिटवणे, परकी पॅकेजेस काढणे किंवा खालच्या आवृत्तीवर आणणे, अशी तयार बटणे आहेत. डिस्कच भरली असेल तर ‘डीएफ -एच’ (किती जागा उरली ते दाखवते) आणि ‘सुडो एपीटी क्लीन’ (उतरवलेल्या पॅकेज फाइली पुसते) आधी, बाकी सगळे नंतर.

नेट नसलेल्या जागी, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेत वगैरे, फाइल मेनूतले जनरेट पॅकेज डाउनलोड स्क्रिप्ट फार उपयोगी पडते. हव्या पॅकेजेसवर खूण करा, स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घ्या, नेट असलेल्या कोणत्याही लिनक्स यंत्रावर चालवा, परत येऊन ॲड डाउनलोडेड पॅकेजेस. अट एकच, नेट नसलेल्या यंत्राची यादी ताजी हवी. जुन्या यादीतल्या आवृत्त्या भांडारातून निघून गेलेल्या असतात आणि स्क्रिप्ट 404, म्हणजे फाइल सापडत नाही, असे देत राहते. म्हणून निघण्यापूर्वी तिथेच दहा मिनिटे मोबाइलचे नेट जोडून रीलोड करून घ्यावे.

सिनॅप्टिकला झालेले काम मागे फिरवण्याचे बटण नाही. हिस्टरीत काय काढले ते तारखेनिशी दिसते, पण परत आणायचे ते एकेक हाताने. म्हणून मोठी दुरुस्ती करण्याआधी टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या वेळची प्रत) काढलेला असावा. तो नसताना डेस्कटॉप उडालाच, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा, ‘सुडो एपीटी इन्स्टॉल मिंट-मेटा-सिनॅमन’ द्या, आणि आणखी काय गेले ते /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग मधल्या शेवटच्या नोंदीतल्या रिमूव्हच्या ओळीत बघा. ते झाल्यावर रीबूट.