लाळेच्या नमुन्यावरून ऑटोइम्यून आजारांची जनुकीय चाचणी : अहवालातील कोणत्या पानावर किती विसंबावे?

थोरल्या बहिणीला सीलिॲक आजाराचे निदान झाल्यानंतर धाकट्या भावाने आणि मी, घरीच लाळेचा नमुना घेऊन पाठवण्याची ही जनुकीय चाचणी करून घेतली. सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि रुग्णाच्या सख्ख्या नात्यात त्याचे प्रमाण पाच ते दहा टक्क्यांपर्यंत आढळते, त्यामुळे चाचणीला सबळ कारण होते. अहवालात त्याशिवाय ऱ्हुमेटॉइड संधिवात, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्याचा आजार), मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूचा आजार) अशा इतर ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या, आजारांचीही पाने आहेत. ती सगळी एकाच साच्यात मांडली आहेत, पण त्यांची विश्वासार्हता एकसारखी नाही.

नमुना घेण्याची सोय चांगली आहे. अर्धा तास आधी काही खायचे-प्यायचे नाही, नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची आणि फेस त्यात धरायचा नाही, एवढ्या सूचना चित्रांसह स्पष्ट दिल्या आहेत. झाकण फिरवले की त्यातला टिकाऊ द्राव लाळेत उतरतो. वयस्कर माणसालाही हे जमेल.

सीलिॲकचे पान या अहवालाचा सर्वांत भक्कम भाग आहे. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांपासून बनणारे रेणू प्रथिनांचे तुकडे प्रतिकारपेशींपुढे धरतात. त्यांपैकी डीक्यू२ आणि डीक्यू८ या प्रकारांना ग्लूटेनचे तुकडे घट्ट पकडता येतात, आणि सीलिॲकच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात या दोहोंपैकी एक तरी असतोच. त्यामुळे दोन्ही नसतील तर हा आजार होण्याची शक्यता जवळपास संपते. भावाच्या बाबतीत नेमके हेच निघाले आणि त्याच्यामागची वारंवार रक्त तपासण्याची चिंता मिटली. उलट बाजूने मात्र ही चाचणी फार थोडे सांगते. युरोपीय वंशाच्या लोकांत तीस ते चाळीस टक्के जणांकडे हे प्रकार असतात आणि आजार होतो तो साधारण एक टक्का लोकांना. माझ्याकडे डीक्यू२ निघाला. त्यापुढे अहवालात ‘ग्लूटेन कमी करून पाहा’ असा सल्ला छापला आहे, आणि माझी सर्वांत गंभीर तक्रार त्याबद्दल आहे. ग्लूटेन बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू उतरतात आणि आतड्याची सूजही ओसरते. मग खरोखर आजार असला तरी तपासणीत तो निसटू शकतो. आधी नेहमीचा आहार चालू ठेवून सीलिॲकमध्ये वाढणाऱ्या टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करायची आणि आहारातील बदल निदानानंतर करायचा, हा क्रम अहवालात ठळक अक्षरांत असायला हवा होता.

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या पानावर एचएलए-बी२७ असणाऱ्यांसाठी लाल पट्टी येते, असे नमुना अहवालात दिसते. या जनुकाचा आणि मणक्याच्या या आजाराचा संबंध १९७३ पासून माहीत आहे आणि युरोपीय वंशाच्या बहुतेक रुग्णांत ते सापडते. पण ते असणाऱ्या शंभरांपैकी फार तर पाच-सहा जणांनाच हा आजार होतो. लाल पट्टीखाली हे वाक्य नाही. ते असते तर कितीतरी लोकांची झोप उडाली नसती.

सर्वांत मोठी उणीव पर्यावरणाच्या बाजूची आहे. ऱ्हुमेटॉइड संधिवातात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण साधारण पंधरा टक्केच असते. म्हणजे जनुके तंतोतंत तीच असूनही बाकीचा भार दुसरीकडे आहे. धूम्रपानाने फुप्फुसातील प्रथिनांमध्ये रासायनिक बदल होतात, आणि एचएलए-डीआरबी१चे विशिष्ट प्रकार असणाऱ्यांत त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा संभव वाढतो. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या प्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत अशी प्रतिपिंडे असलेल्या संधिवाताचा धोका, हे दोन्ही नसणाऱ्यांच्या सुमारे २१ पट आढळला. असे असताना चाचणीच्या प्रश्नावलीत धूम्रपानासाठी ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच पर्याय आहेत. किती वर्षे, रोज किती, कधी सोडले, याची विचारणा नाही. दगडफोडीच्या, खाणीच्या कामात श्वासावाटे जाणाऱ्या सिलिकाच्या धुळीचाही संधिवाताशी आणि त्वचा कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्माशी संबंध दिसला आहे. व्यवसायाचा रकानाच नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसचे पान याच कारणाने अपुरे वाटते. २०२२ साली अमेरिकेच्या सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून असे दिसले की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. हा संसर्ग बहुतेक प्रौढांना होऊन गेलेला असतो आणि आजार मात्र मोजक्यांना होतो, त्यामुळे तो एकटा पुरेसा नाही हे उघड आहे. तरी त्याचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकते. शिवाय या पानावरचा धोक्याचा गुणांक अनेक जनुकांच्या लहान-लहान प्रभावांची बेरीज करून काढलेला आहे, आणि अशी आकडेमोड प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर उभी असल्याने इतरांना ती तितकीशी लागू पडत नाही.

सेवेच्या नावात ‘संपूर्ण प्रतिकारशक्ती’ हे शब्द आहेत, तेही योग्य नाहीत. एका जनुकातील दोषामुळे बालपणापासून वारंवार जंतुसंसर्ग होणारे प्रतिकारक्षमतेचे आजार येथे तपासलेच जात नाहीत. त्यांच्यासाठी तज्ज्ञांच्या सल्ल्याने वेगळी तपासणी लागते.

समुपदेशक बाईंनी मात्र फोनवर शांतपणे सगळे समजावून सांगितले आणि ग्लूटेन न सोडता आधी रक्त तपासून घ्या, असे त्यांनी आपणहून सुचवले. घरात सीलिॲकचा रुग्ण असेल आणि तो आपल्याला होणार नाही एवढी खात्री हवी असेल, तर ही चाचणी जरूर करावी. केवळ कुतूहलापोटी, लक्षणे नसताना आणि घरात कोणालाही आजार नसताना, मी ती कोणाला सुचवणार नाही. आणि सांधे सकाळी तासभर आखडत असतील तर या अहवालाची वाट न पाहता थेट संधिवाततज्ज्ञांकडे जावे.