भांडवली मूल्यावर कर की केवळ जमिनीच्या मूल्यावर?

मुंबई महापालिका 2010 पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन आणि इमारत यांच्या एकत्रित मूल्यावर, आकारते. त्यात रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या, दरासोबत बांधकामाचा प्रकार, वापर आणि इमारतीचे वयही धरले जाते. परिणामी लोअर परळमधली एखादी मोडकळीला आलेली वखार, तिच्याखालची जमीन तितक्याच मोलाची असूनही, शेजारच्या नव्या टॉवरपेक्षा कितीतरी कमी कर भरते. कर केवळ जमिनीच्या मूल्यावर बसवला, तर भूखंड अडवून ठेवणे महाग पडते आणि बांधणाऱ्याच्या खिशाला चाट बसत नाही, म्हणून माझा कौल या पद्धतीलाच आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराने 1913 च्या कायद्यानुसार जमिनीवर इमारतींपेक्षा चढा दर लावला होता, पण 2001 मध्ये फेरमूल्यांकनावरून ओरड झाली आणि तो गुंडाळावा लागला. तेव्हा मूल्यांकन वेळच्या वेळी करणे ही पहिली अट, आणि पागडीच्या, म्हणजे जुन्या नाममात्र भाड्याच्या, चाळींसाठी वेगळी सवलत ही दुसरी.