संगीतोपचार की तबल्याचा क्लास?

भाचा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक). नौपाड्यातल्या एका तबल्याच्या क्लासला घातलं. बारा पोरांनी एकदम 'धा धिं धिं धा' सुरू केलं आणि हा कानांवर हात ठेवून थेट जिन्यात. सरांचा दोष नाही; तिथे परीक्षा गाठायची असते, मुलाने तालामागे जायचं असतं.

संगीतोपचारात नेमकं उलटं. थेरपिस्ट मुलामागे जाते. त्याने टेबलावर बोटं आपटली, तिने तोच ठेका ढोलकीवर उचलला आणि मध्येच थांबली. त्याने मान वर करून पाहिलं. एकदा तू, एकदा मी, शब्दांविना गप्पा.

चमत्काराची आशा मात्र नको. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांवरच्या संगीतोपचाराच्या चाचणीत पाच महिन्यांनी लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात मात्र एकूण सुधारणेची शक्यता वाढलेली दिसते.

मूल गोंगाट सोसत असेल, वाजवायची ओढ असेल, तर क्लासच बरा, शक्यतो एकट्याला शिकवणारा. (पालकांनी 'याला कधी येणार?' विचारायचं नाही, ही अट माझी.) आमचा सध्या थेरपीलाच जातो. तबला घरी आहे. परवा त्याने आपणहून त्यावरचं कापड काढलं.